दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर

थंडी आल्याचं मला कुणी सांगावं लागत नाही. बोईसरची थंडी ती केवढी! पंखा बंद करायचा आणि पायावर चादर ओढायची, झाली थंडी. पण डिसेंबर लागला की पहिल्या पाळीची माणसं आमच्या बिल्डिंगखाली गाड्या चालू करायला लागतात आणि मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहते. आता सगळ्या बटणाच्या गाड्या. बोट टेकवलं की चालू. तळमजल्यावरच्या पवारांची तेवढी एक जुनी आहे, ती लाथ खाल्ल्याशिवाय बोलत नाही. ते बिचारे लाथ मारतात, थांबतात, इकडेतिकडे बघतात, पुन्हा मारतात. मी वरूनच पुटपुटते, "अहो, चोक ओढा की! गारठलीय ती. जास्त पेट्रोल मागतेय."

आतून सून विचारते, "आई, कुणाशी बोलताय?"

कुणाशी म्हणून सांगू?

गार हवेत इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. गोष्ट एवढीशीच. आताच्या गाड्यांत म्हणे कॉम्प्युटर असतो. हवा गार की गरम, चढ की सपाट, त्याचं तोच बघतो आणि त्या मापानं पेट्रोल सोडतो. माझा मुलगा एकदा कौतुकानं सांगत होता. मी ऐकून घेतलं. तेच माप एका हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको शिवणाच्या सुईनं शोधत होतो. सापडलं, नाही असं नाही. पण ते सापडेपर्यंत उशीर झाला होता.

ऐंशीनंतरची वर्षं ती. तारापूरच्या अंगाला कारखाने वाढत होते, वळकट्या घेतलेली माणसं बोईसर स्टेशनात उतरत होती. नवापूर रोडला आमचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड, पुढे तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि मागे आमची एक खोली. शेडच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. बायका ब्लाऊज टाकायला यायच्या आणि नाकाला पदर लावायच्या.

"कुमुदताई, तुमच्याकडच्या ब्लाऊजला पेट्रोलचा वास येतो हो!"

"येऊ दे की. कसर लागणार नाही."

आमचे हे मूळचे चिंचणीचे, नारळा-चिकूच्या वाडीतले. वाडी थोरले दीर बघायचे. ह्यांनी लहानपणी विहिरीवरच्या पंपाचं इंजिन उघडलं आणि मग त्यांचं मन झाडांवर कधी बसलंच नाही. सासरे म्हणायचे, ह्याला शहाळं दिलं तरी हा त्याचा स्क्रू शोधील. लग्न होऊन मी आले तेव्हा ह्यांच्याकडे एक जुनी फटफटी होती. रंग उडालेली, पण काळीच म्हणायची, म्हणून नाव 'काळी'. त्या वेळी कारखान्यातल्या बऱ्याच लोकांकडे त्याच जातीच्या गाड्या होत्या. दणकट, धूर सोडणाऱ्या, आणि पेट्रोल पिणाऱ्या. पेट्रोल अशा पीत, की मालक उतरून टाकीला कान लावून ऐकायचे.

ह्या गाड्यांना तेलाची वेगळी टाकी नसे. तेल पेट्रोलमध्येच ढवळून घालायचं. पेट्रोल जळता जळता ते तेल इंजिनाला आतून लागत जायचं. ढवळायचं काम माझं. पत्र्याच्या डब्यात पेट्रोल, त्यात मापानं तेल, आणि लाकडी दांड्यानं ढवळायचं. हिरवट-निळं काहीतरी व्हायचं, उन्हात त्यावर मोरपिसासारखे रंग फिरायचे. आजही कुठे पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की मी थांबते. सोबतच्या माणसाला वाटतं, म्हातारीचा पाय दुखतोय.

माझा थोरला भाऊ अण्णा एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. दर रविवारी यायचा. खुर्ची झटकून बसायचा, तरी पँटला डाग पडायचाच.

"वसंतराव, संक्रांतीनंतर आमच्याकडे भरती आहे. कायमची. तुमचं नाव लावतो मी. पुढं मग माझ्या हातात काही नाही."

"बघू," हे म्हणायचे.

अण्णा माझ्याकडे वळायचा. "कुमे, ह्यांचं 'बघू' तुला तरी कळतं का गं?"

"मला कळलं असतं तर तुला तेव्हाच सांगितलं असतं."

पण त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अण्णा गेल्यावर हे आपणहून बोलले. हातातला पाना खाली ठेवून बोलले, म्हणजे खरंच बोलले. "कुमुद, हा एक हिवाळा बघतो. माझ्या डोक्यात कार्बोरेटरचं चाललंय. ते जमलं तर गॅरेज. नाही जमलं तर संक्रांतीनंतर अण्णा म्हणतील तिथं सही करतो."

मी म्हटलं, "ठरलं."

ठरलं म्हणायला काय लागतं! पण त्या दिवसापासून आमची शेड, माझं मशीन, ह्यांचं सगळं असणं-नसणं एका मुठीएवढ्या वस्तूला टांगून राहिलं.

कार्बोरेटर म्हणजे गाडीची चूलच समजा. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते तिथं ठरतं. आमच्याकडची हवा खारी. सातपाटी, मुरबे, दांडी, कुठलीही गाडी आणा, कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरलेली. आतून झिजलेला. पेट्रोल गळायचं ते वेगळंच. त्याच जातीचा नवा मिळायला मारामार. आणि त्याच सुमाराला रस्त्यावर नव्या शंभर सीसीच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. बारीक आवाजाच्या, थेंब-थेंब पिणाऱ्या. मनोरच्या हायवेला त्यातल्या काही ट्रकखाली यायच्या आणि त्यांचे अवयव भंगारवाल्याकडे यायचे. ह्यांनी तिथून एक कार्बोरेटर उचलून आणला. लहानसा, चकचकीत. टेबलावर ठेवला आणि नुसता बघत बसले. मला बघायला आले होते तेव्हाही इतके बघत नव्हते.

दुसऱ्या गाडीचा तो. भोकं जुळेनात. ह्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी घासून मधे बसवायचा तुकडा केला. त्याखाली हवा ओढू नये म्हणून पुठ्ठा हवा, तर माझा बाहीच्या मापाचा पुठ्ठा गेला. मी ओरडले. हे म्हणाले, "बाहीपेक्षा बरोबर बसलाय बघ."

पण खरी गोम जेटमध्ये. जेट म्हणजे पितळेचा हरभऱ्याएवढा तुकडा, मधोमध केसासारखं भोक. त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल. छोट्या इंजिनाचा जेट आमच्या मोठ्या इंजिनाला पुरेना, गाडी धापा टाकायची. दुसऱ्या मापाचे जेट मिळायचे मुंबईला, तेही मिळाले तर. मग हे जेटचं भोक डाख देऊन बुजवायचे आणि बारीक ड्रिलनं नवं पाडायचे. किती मोठं पाडलं, हे मोजायचं कशानं?

मी माझी सुयांची डबी पुढे केली.

सुई टोकाला बारीक आणि नेढ्याकडे जाड. जेटमध्ये सोडली की जिथं अडकेल तिथं लाल दोरा बांधायचा. दोरा नेढ्याच्या जितका जवळ, तितकं भोक मोठं. झालं माप! मी जेट उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायची. त्या भोकातून ऊन असं टिपक्यासारखं दिसायचं. काठ खरखरीत असला की टिपका फाटका दिसतो, मग तो सुईनंच फिरवून गुळगुळीत करायचा. हे जेट माझ्याकडे सोपवून निर्धास्त दुसऱ्या कामाला जायचे. शेजारच्या चहावाल्याला वाटायचं, आमच्या घरात पितळेचे मणी ओवण्याचा धंदा सुरू झाला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काळीवर तो कार्बोरेटर नीट बसला. अजून उकाडा होता, ऑक्टोबरातला तो चिकट, अंगाला शर्ट चिकटवणारा. आणि आमच्याकडे गाडी दुरुस्त झाली की ती समुद्राकडे नेऊन बघायची, असा रिवाज. कुणी घालून दिला माहीत नाही. मिस्त्री कुणीही असो, गाडी कुठलीही असो, बोईसरहून निघायचं ते दांडीपर्यंत, नाही तर चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत. रस्ता सपाट, समोरून वारा, शेवटी वाळू. प्लग काढून बघायचा, दोन शिंगाडे नाही तर शेंगदाणे खायचे, परत यायचं. प्लगचं टोक काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं फटक असलं तर कमी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं असलं तर उत्तम.

आम्ही दोघं गेलो. वाळूत गाडी उभी केली. ह्यांनी रुमालात धरून प्लग काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. अगदी शेंगदाण्याचं साल. होड्या परतत होत्या, वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास होता, आणि हा माणूस कमरेवर हात ठेवून समुद्राकडे असा बघत होता, जसा काही तोही ह्यांनीच जुळवून चालू केला होता.

डोंगराकडे गाडी नेऊन बघायचं कुणाच्या मनातच यायचं नाही. समुद्राकाठची माणसं आम्ही. तोंड तिकडेच.

बातमी पसरली. पहिला आला मुरब्याचा जनू. जनू मागे दोन पाट्या बांधून पहाटे मासळी घेऊन निघायचा तो मनोर, विक्रमगड करत जव्हारचा घाट चढायचा. वरच्या पाड्यांत त्याची वाट बघणारी माणसं होती. त्याची गाडी काळीच्याच जातीची, पण अंगावर खवल्यांचा थर.

"मिस्त्री, ही नवरी माझ्या घरी पन आना," तो कार्बोरेटरकडे बोट दाखवून म्हणाला. "कमी खाते म्हनतात."

"कमी खाते, पण काम करते का ते विचार," मी मशीनवरून म्हटलं.

"वयनी, तुमी आल्यात ना ह्या घरात? आमी कदी विचारला?"

हे मान खाली घालून हसत होते. मग यादव आला, तो उत्तर प्रदेशचा, कापडाच्या कारखान्यात पाळीला जाणारा. मग त्याच्या खोलीतले. मग त्यांच्या पाळीतले. ह्यांनी भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. मी शिलाई बाजूला सारून जेट उन्हाकडे धरत बसायची. प्रत्येक गाडी समुद्राकडे जाऊन यायची. प्रत्येकाचं पेट्रोल वाचत होतं. जो तो आपापल्या टाकीचं कौतुक सांगायला चहाच्या टपरीवर उभा. अण्णा एका रविवारी आला तर त्याला बसायला खुर्ची नव्हती. "वसंतराव, जोरात आहे की," तो म्हणाला, आणि मला त्याचं ते थोडं पडलेलं तोंड बघून, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

आणखी एक आनंद झाला होता. माझा तेलाचा डबा पुरायला लागला होता. पूर्वी महिन्याच्या आत तळ दिसायचा, आता महिना उलटला तरी हलवला की डुचमळायचा. मला बरं वाटलं. डबा पुरला म्हणून कुठल्या बाईला वाईट वाटतं?

मग थंडी आली. आमच्याकडे ती एकदम येत नाही, वालाच्या शेंगांबरोबर येते. चिंचणीच्या वाडीत उकडहंडी लागायची. मडक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी भरून, तोंड पाल्यानं बंद करून, उलटं घालून वरून जाळ करायचा. पहिला वाफारा निघाला की त्या वासानं सगळी वाडी गोळा व्हायची. त्या वर्षी आम्ही काळीवरून गेलो. थोरल्या जावा-दिरांनी ह्यांना मधे बसवून घेतलं, गॅरेजचं विचारलं. सासरे म्हणाले, "जमतंय म्हणे तुला." एवढंच. पण ते एवढं ऐकायला हा माणूस किती वर्षं थांबला होता, ते मला त्यांच्या हातातलं कोनफळ थंड होईपर्यंत कळत होतं.

ते दिवस मला हातात धरून ठेवावेसे वाटतात. असं वाटतं की तिथंच थांबवावं सगळं, मडकं फोडायच्या आधी.

जनू परत आला तो एसटीनं. सोबत गाडी नाही, पाट्या नाहीत, कोपराला फडकं गुंडाळलेलं. ओट्यावर बसला, पाणी मागितलं.

"गाडी कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"झोपली."

"म्हणजे?"

"विक्रमगडच्या वर, चढनीला. पाठी मालाचा भार. मस्त चालली होती, धूर नाय, काय नाय. सकालची अशी थंडी, बोटां वाकत नाय. येकदम कुईं झाला आनि मागचा चाक जागच्या जागी बसला. मी उडालो. पाठी लाकडाचा ट्रक. त्यानं असा करकचून ब्रेक मारला, मिस्त्री, त्याच्या बंपरची गरमी माझ्या तोंडावर आली."

जनूनंच मग हसायचं काम केलं. "मासली पाड्यावर वाटून टाकली. त्यांची दिवाली झाली. मना म्हनाले, रोज पडत जा."

हे हसले नाहीत. त्या दिवसानंतर हे माणूस म्हणून हसले असतील, मिस्त्री म्हणून नाही.

यादव आला तो गाडी ढकलत. "भाभीजी, चलते-चलते जाम हो गई. सुबह की ड्यूटी थी, ठंड थी." मग दुसरी आली, मग तिसरी. शेडच्या पुढे गाड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचे मालक असे गप्प बसून राहिले की जसे मयताला आलेत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकानं फक्त एवढंच म्हटलं, "समुद्रावर तर चांगली चालली होती."

हे एकेक इंजिन उघडत गेले. प्रत्येकात तेच. पिस्टनवर उभे ओरखडे, धातूला धातू घासून चिकटलेला. ह्यांनी जेट तपासले, सुईचा दोरा बघितला, सगळं मापात. तरी पांढरे फटक प्लग. दोन दिवस हे धड जेवले नाहीत. मी एक पिस्टन हातात घेतला. त्यावर बोट फिरवलं. कोरडा. पोळपाट तेल न लावता ठेवला तर कसा कोरडा लागतो, तसा. आणि माझी नजर कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्याकडे गेली.

"अहो," मी म्हटलं, "आपण पेट्रोल कमी केलं. पण तेल पेट्रोलातच असतं ना?"

ह्यांनी माझ्या हातातला पिस्टन घेतला.

"मग तेलही कमी झालं. माझा डबा का पुरतोय इतके दिवस?"

हे खाली बसले, तिथंच, त्या काळ्या जमिनीवर. थंडीत हवा घट्ट, तिला पेट्रोल जास्त लागतं. चढावर इंजिन तापतं, त्याला तेल जास्त लागतं. आणि आम्ही उकाड्यात, सपाट रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून माप ठरवलं होतं. जे वाचवलं म्हणून खूश होतो, त्यातच इंजिनाचा जीव विरघळलेला होता. मला पुढं आयुष्यात कितीदा हे आठवलं म्हणून सांगू! पोराच्या शाळेसाठी, घरासाठी आम्ही माणसांकडे जाणं-येणं कमी केलं, सण आटोपते घेतले, बोलणंसुद्धा कामापुरतं ठेवलं. नंतर बघितलं तर बरंच काही कोरडं पडलेलं. कशात काय मिसळलेलं असतं ते कमी केल्यावर कळतं. असो.

ह्यांनी सगळ्या गाड्या नीट करून दिल्या. जुने कार्बोरेटर घासून-पुसून परत चढवून दिले. पण काळीवरचा ह्यांनी काढला नाही. एका पहाटे मला म्हणाले, "मशीन झाक. डोंगरात जायचंय."

तो दिवस. स्वेटरवर शाल, शालीवर पदर, आणि कमरेला सुयांची डबी. मनोर ओलांडलं आणि धुकं लागलं. भाताची शेतं कापून झालेली, खुंटांवर दव. रस्त्याच्या कडेला गवताच्या गासड्या रचलेल्या. विक्रमगड सोडल्यावर चढ सुरू झाला तसे आम्ही थांबत गेलो. प्लग काढायचा, पांढरा. जेट बदलायचा, पेट्रोलात थोडं तेल वाढवायचं, पुन्हा पुढं. हे गाडीशी, मी जेटशी. एका वळणावर एक वारली कुटुंब बोचकी घेऊन बसलं होतं, वीटभट्टीवर निघालेलं, ट्रकची वाट बघत. त्यातली एक बाई उठून आली, वाकून इंजिनात बघायला लागली.

"काय झाला तुमच्या गाडीला?"

"भूक लागलीय तिला," मी म्हटलं.

ती हसली. "मंग खायला घाला. आमी पन तेच्यासाठीच निघालूं."

तिनं माझ्या हातातला जेट घेतला, माझ्यासारखाच एक डोळा मिटून सूर्याकडे धरला, आणि "ब्येस हाय" म्हणून परत दिला. तोच आम्ही घातला. खरंच तोच.

जव्हारच्या वर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. हे उतरले, रुमाल घेतला, प्लग काढला. माझ्या तळहातावर रुमालासकट ठेवला. शेंगदाण्याचं साल. थंडीत, चढावर, दोघांचं ओझं घेऊन. खाली सगळे डोंगर निळे निळे दिसत होते आणि इंजिन तापून टिक टिक करत होतं. मला वाटलं, हे आता ओरडतील, नाचतील.

"कुमुद," हे म्हणाले, "हे दिवाळीत कळायला हवं होतं."

मी त्यांचा हात धरला. ग्रीसचा होता, गार होता.

जनू आठवड्यानं आला. त्याला कळलं होतं, काळी घाट चढून आली. "मिस्त्री, बसव परत माझ्या गाडीवर."

"नाही."

"का नाय? आता जमला ना तुला?"

"मी लोकांच्या गाड्यांवर शिकलो, जनू. हे माझ्या गाडीवर शिकायचं होतं."

"मंग आता शिकलास! शिकलेला मानूस घरी बसतो काय? आमची होडी उलटली म्हनून आमी जाल टांगून ठेवतो?"

"तो ट्रक थांबला नसता तर?"

"थांबला ना?"

"थांबला म्हणून तू बोलतोयस."

जनूनं माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. हे पान्याला फडकं लावत होते, स्वच्छ पान्याला. जनू उठला, जाताना म्हणाला, "वयनी, ह्याला समजवा." मी त्या रात्री समजावलं, दुसऱ्या दिवशीही समजावलं. हे म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं? जमलं नाही तर सही." मी म्हटलं, जमलं की! तर म्हणाले, "उशिरा जमलं."

बरोबर होतं का त्यांचं? मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या जिवाचा विचार करणारा माणूस मिळाला म्हणून मी कुणाकुणाला सांगत आले, आणि मनातल्या मनात त्याच माणसावर कितीतरी वर्षं रागावत आले. नोकरीनं आम्हाला वाईट ठेवलं नाही. पगार वेळेवर, मुलाचं शिक्षण, हा फ्लॅट, ही गॅलरी. सगळं त्यातलंच. पण घरातला मिक्सर बिघडला तरी हे म्हणायचे, बाहेरून करून आण. आता ते आत पलंगावर असतात, जागे असतात, खाली गाड्या चालू होताना त्यांना ऐकू जातं. या वेळेला गॅलरीत मात्र कधी आले नाहीत.

त्या वर्षीची संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाला. सोमवारी पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि हे जेवणाचा नवा डबा हातात धरून कारखान्याकडे पायी निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. वळताना त्यांनी मागं बघितलं नाही. मी शेडचं दार उघडलं, कारण माझी शिलाई पडली होती. पाने भिंतीवर ओळीनं लटकत होते. मशीनवर बसले, दोरा ओवला, आणि रस्त्यावर आवाज आला.

आमच्याच जातीची गाडी. आवाज बारीक, कोरडा, खोकल्यासारखा. वळणावर वर चढायचा आणि मधेच श्वास तुटायचा. मी पायडल थांबवलं. बघावंही लागलं नाही. कुणीतरी कुठंतरी आमचं बघून दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर चढवला होता, आणि जेट लहान पडत होता. किती लहान, तेही मला कळत होतं. आणखी चार दिवस थंडीत पळवली असती तर गाडी जाम झालीच असती.

माणूस सातपाटीकडचा असावा. गाडी शेडपुढे उभी केली, मफलर सोडला. आत डोकावला, भिंतीवरच्या पान्यांकडे बघितलं, रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, माझ्यावरून नजर नेली.

"गॅरेजात कोन नाय काय?"

मी उठून दारात आले होते. हात पदराला पुसत होते.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही."